क्षेत्र सत्तेचाळीस

पहाटेचे सहा. मारीनच्या मासळीबाजारात
फरशीवर पाण्याचा पाइप मोकळा सोडलाय,
आणि ओबदुलिया आपल्या गाळ्यावर बर्फ पसरतेय
मुठीमुठीनं, अंथरूण घालावं तसा.
मी येताना दिसले तरी ती वर बघत नाही.
माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राचा वास तिला
तीस पावलांवरून येतो.

आज गुरुवार. अकरा गाळे.
माशाचं रोजचं नाव, लॅटिनमधलं नाव,
धरलेला की पाळलेला, कुठल्या पाण्यातला,
कुठल्या जाळ्यातला, ताजा की गोठवून सोडवलेला.
सहा रकाने. सातवा नाही.

पाटीवर मासे, माशांत खोचलेली दुसरी पाटी,
तिच्यावर खडूनं:
*मर्लुसा. आपल्या पोरांनी धरलेली.*
पुढे किंमत. नऊची शेपटी लांब ओढलेली,
शाळेत कुणीतरी शिकवली असेल तशी.

मी एक उचलली.
डोळा दुधाळ. बोटानं दाबलेलं मांस
दबलेलंच राहिलं.
"ही आपल्या पाण्यातली नाही. खोक्यावरचा कागद द्या."

कागद एप्रनच्या खिशात निघाला, चार घड्यांचा,
खवल्यांनी चिकटलेला.
*मर्लुसियस कापेन्सिस. क्षेत्र ४७.
तळजाळं. गोठवलेली.*

आपल्या किनाऱ्यावरच्या मर्लुसाचं शास्त्रातलं नाव
मर्लुसियस मर्लुसियस.
दोनदा, जेवायला हाक मारताना मारावी तसं.
हिला एकदाच मारलीय,
आणि पुढे परगावचं आडनाव.

"नामिबिया," मी म्हणाले.
"मग?" आता ओबदुलियानं वर बघितलं.
"त्या जहाजावर माझा ब्रेशो आहे. पाच महिने झाले.
जाळं ओढणारे हात या गल्लीतले,
दात पडले ते या गल्लीत,
मग मासा परका कसा होतो गं?
पाण्याला नाव देता तुम्ही. हातांना का नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, फॉर्म होता.
बुरशीच्या रंगाचा, तीन प्रतींत.

मी लिहायला घेतलं. आणि लिहिता लिहिता,
खरं सांगते, चौकशी म्हणून नाही,
विचारलं: "जहाजावर एकूण किती?"
"बावीस."
"आपले?"
तिनं सुरी फडक्याला पुसली. पुसलेलीच पुन्हा पुसली.
"ब्रेशो. आणि कांगासचे दोघं. इंजिनवाला पेरूचा."
"आणि बाकीचे?"

बर्फ टपकत होता. शेजारच्या गाळ्यावर
शिंपल्यांची जाळी कुणीतरी धपकन टाकली.

"तिथलेच," ती म्हणाली. "मला नावं नाही माहीत."
मग जरा वेळानं:
"एक आहे. तंगेनी. ब्रेशोचं बोट दोरात अडकलं
तेव्हा टाके त्यानं घातले. फोनवर दिसला एकदा.
खोलीभर हसतो."

नियमात एक ओळ आहे, फारशी कुणी वाचत नाही:
सक्तीचं सगळं लिहून जागा उरली,
आणि जास्तीचं खरं असलं,
दिशाभूल होत नसली, तर लिहायला मनाई नाही.
मी ती तिला वाचून दाखवली.
दंड मात्र कमी केला नाही. करता येत नाही.

तिनं सही केली, अक्षरं दाबून, तिसऱ्या प्रतीपर्यंत.
मग पाटी ओल्या मनगटानं पुसली
आणि जीभ दातांत धरून लिहीत गेली:
*मर्लुसा, आफ्रिकेची. गोठवून सोडवलेली.
दक्षिणपूर्व अटलांटिक. तळजाळं.*
लॅटिन नाव कागदावरून, एकेक अक्षर बघत.
खाली दोन बोटं जागा उरली.
तिथं: *धरणारे ब्रेशो, तंगेनी*
आणि पुढे बरीच टिंबं, पाटी संपेपर्यंत.

किंमत लिहायची राहिलीच.

मी चौथ्या गाळ्याकडे वळले तेव्हा
पहिली गिऱ्हाईक आली होती, चाकाची पिशवी ओढत.
चष्मा कपाळावर सरकवून, वाकून वाचत होती.
"हे तंगेनी," ती म्हणाली, "कुठलं गाव?"

ओबदुलियानं मासा फळीवर आडवा घेतला.
"लांब आहे," ती म्हणाली.
"तुकडे जाड करू की पातळ?"